थॉमस मिजली, ज्युनियर

थॉमस मिजली, ज्युनियर (जन्म : १८ मे १८८९, बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका, मृत्यू : २ नोव्हेंबर १९४४, वर्दिंग्टन, ओहायो, अमेरिका) हे अमेरिकन यांत्रिक अभियंता व रसायनशास्त्रज्ञ होते. एंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल लेड आणि प्रशीतनासाठी वापरला जाणारा फ्रिऑन-१२ हा वायू ही त्यांच्या नावाशी निगडित असलेली दोन प्रमुख संशोधने होत. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत जगातील बहुतेक मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणा फ्रिऑन-१२ वर चालत असत.

हयातीत मिजली यांना अमेरिकन रसायनशास्त्रातील जवळजवळ सर्व मोठे सन्मान मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी मात्र त्यांचे दोन्ही पदार्थ आरोग्य व पर्यावरण यांना घातक असल्याचे सिद्ध झाले आणि त्यांच्या वापरावर जगभर निर्बंध आले.

जन्म, शिक्षण व प्रारंभीचा काळ

मिजली यांचा जन्म संशोधकांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील थॉमस मिजली, सीनियर यांनी मोटारींच्या टायरांमध्ये सुधारणा केल्या होत्या. आईचे वडील जेम्स इमर्सन यांच्या नावावर बदलता येणाऱ्या दातांच्या करवतीचा शोध होता. मिजली यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस शहरात गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळवली. रसायनशास्त्राचे औपचारिक उच्च शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पुढे ज्या विषयात त्यांची ख्याती झाली, तो विषय त्यांनी काम करता करता आत्मसात केला. पदवीनंतर त्याच वर्षी त्यांचा कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी विवाह झाला.

डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काही काळ काम केल्यानंतर ते वडिलांच्या टायर उद्योगात गेले. १९१६ मध्ये त्यांनी डेटन येथेच चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत नोकरी पत्करली. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्स या कंपनीच्या संशोधन विभागाचा पाया ठरली. केटरिंग आणि मिजली यांचे सहकार्य मिजली यांच्या अखेरपर्यंत टिकले.

एंजिनातील ठोक्यांचा शोध

केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर १९१२ पासून कॅडिलॅक मोटारींत बसवला जाऊ लागला. त्या सुमारास एंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येण्याच्या तक्रारी वाढल्या आणि त्याचा दोष केटरिंग यांच्या बॅटरीवर आधारित प्रज्वलन पद्धतीला दिला जाऊ लागला. या तक्रारीचा छडा लावण्याचे काम मिजली यांच्याकडे आले.

ठिणगी वेळेआधी पडल्यामुळे ठोके बसतात, असा तेव्हा समज होता. मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाचे निरीक्षण करून दाखवले, की दाबातील आकस्मिक वाढ प्रज्वलनाच्या आधी नव्हे, तर नंतर होते. म्हणजेच दोष ठिणगीत नसून इंधनाच्या जळण्याच्या पद्धतीत होता. बिघाडाचे लक्षण आणि त्याचे कारण वेगळे करून पाहण्याची ही पद्धत त्यांच्या पुढील सर्व कामाचे वैशिष्ट्य ठरली.

लाल रंगाचे इंधन उष्णता अधिक शोषून लवकर बाष्परूप होईल, या तर्काने मिजली यांनी १९१६ मध्ये इंधनात आयोडीन मिसळून पाहिले. ठोके थांबले. मात्र इतर लाल रंग वापरले असता काहीच परिणाम झाला नाही आणि रंगहीन आयोडीन संयुगे उपयोगी पडली. तर्क चुकला होता, पण योग्य रसायन अल्प प्रमाणात मिसळल्यास ठोके थांबतात, हे सिद्ध झाले होते. आयोडीन महाग व धातू गंजवणारे असल्याने शोध पुढे चालू राहिला. ॲनिलीन, सेलेनियम व टेल्युरियम यांची संयुगे तपासण्यात आली; यांपैकी काहींचा दुर्गंध संशोधकांच्या कपड्यांतून व शरीरावरून जात नसे. अखेर मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीच्या आधारे शोधाची दिशा निश्चित करण्यात आली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी यशस्वी झाली.

अल्कोहोल मिसळल्यानेही ठोके कमी होतात, हे मिजली यांना ठाऊक होते व त्यावर त्यांनी कामही केले होते. परंतु अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्याच्या वापरावर एकस्व मिळवून नियंत्रण ठेवणे शक्य नव्हते. शिशाच्या संयुगाची मात्र अत्यल्प मात्रा पुरत असे. १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल या कंपन्यांनी मिळून एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन स्थापन केले. उत्पादनाच्या या नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिशाची विषबाधा आणि वाद

शिसे विषारी असल्याचे प्राचीन काळापासून ज्ञात होते. स्वतः मिजली यांना १९२३ च्या प्रारंभी शिशाच्या विषबाधेमुळे काम थांबवून फ्लॉरिडात विश्रांतीसाठी जावे लागले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात टेट्राएथिल लेड तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम व झटके येऊ लागले. त्यांपैकी ५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली यांनी पत्रकारांसमोर टेट्राएथिल लेड हातांवर ओतून घेतले आणि सुमारे एक मिनिट त्याची वाफ हुंगली. हा पदार्थ रोज असा हाताळला तरी अपाय होणार नाही, असा दावा त्यांनी केला. मात्र काही राज्यांत व शहरांत या इंधनावर तात्पुरती बंदी आली. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी बोलावलेल्या परिषदेत हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी शिशाच्या वापराला विरोध केला. दीर्घकाळ अल्प मात्रेत शिसे शरीरात जाण्याचा धोका हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. नियुक्त समितीला थोड्या महिन्यांच्या पाहणीत बंदीस पुरेसे कारण आढळले नाही आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

फ्रिऑनचा शोध

१९२० च्या दशकातील घरगुती रेफ्रिजरेटरांत सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड किंवा अमोनिया हे प्रशीतक म्हणून वापरले जात. यांपैकी काही विषारी, तर काही ज्वलनशील होते. यंत्राला गळती लागल्यास घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. म्हणून अनेक कुटुंबे रेफ्रिजरेटर घराबाहेर ठेवत. जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाला अशा वायूची गरज होती, जो गळला तरी कोणाला इजा होणार नाही. १९२८ मध्ये केटरिंग यांनी हे काम मिजली यांच्यावर सोपवले. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

या वेळीही मिजली यांनी आवर्त सारणीचा आधार घेतला. बाष्पनशीलता, विषारीपणा व ज्वलनशीलता हे गुणधर्म सारणीत कोणत्या दिशेने बदलतात, हे पाहता त्यांचे लक्ष फ्लोरीनकडे वळले. याला एका चुकीचाही हातभार लागला. कार्बन टेट्राफ्लोराइडचा उत्कलनबिंदू एका प्रमाणित संदर्भग्रंथात −१५° सेल्सियस असा छापला होता. प्रत्यक्षात तो सुमारे −१२८° सेल्सियस आहे. चुकीच्या आकड्यामुळे हे संयुग प्रशीतनास योग्य वाटले आणि फ्लोरीनच्या संयुगांचा विचार सुरू झाला. अशी काही संयुगे बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडेरिक स्वार्ट्स यांनी १८९० च्या दशकात तयार केली होती, परंतु त्यांचा व्यावहारिक उपयोग झालेला नव्हता.

संयुग तयार करण्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच लहान बाटल्या मिळवण्यात आल्या. त्यांतील एका बाटलीतून केलेला वायू गिनीपिगला दिला असता त्या प्राण्यावर कोणताही परिणाम झाला नाही. दुसऱ्या बाटलीतून केलेला वायू दिल्यावर मात्र प्राणी मेला. तपासाअंती आढळले, की पहिली बाटली वगळता इतर बाटल्यांतील रसायनात पाण्याचा अंश होता व त्यामुळे फॉस्जीन हा अतिविषारी वायू तयार झाला होता. तो धुऊन काढल्यावर उरलेला वायू निरुपद्रवी ठरला. प्रथम दुसरीच एखादी बाटली उघडली गेली असती, तर फ्लोरीनचा मार्ग तेथेच सोडून दिला जाण्याची शक्यता होती.

पुढे डायक्लोरोडायफ्लोरोमीथेन या संयुगाची निवड झाली. हेच फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ होय. याचा उत्कलनबिंदू सुमारे −३०° सेल्सियस आहे. तो रंगहीन, न पेटणारा आणि रासायनिकदृष्ट्या अत्यंत स्थिर आहे. एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मिजली यांनी हा वायू श्वासातून आत घेतला आणि उच्छ्वासाने जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही व पेटतही नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कृतीतून दाखवल्या. त्याच वर्षी जनरल मोटर्स व ड्यूपाँ यांनी उत्पादनासाठी कायनेटिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली.

मोटारीतील वातानुकूलन

नोव्हेंबर १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने शिकागो येथील प्रदर्शनात कारखान्यातच वातानुकूलन यंत्रणा बसवलेली मोटार सादर केली. या सोयीची किंमत २७४ डॉलर होती. हवा थंड करणारा भाग मागील आसनाच्या पाठीमागे होता. कॉम्प्रेसरला क्लच नसल्याने यंत्रणा बंद ठेवायची असल्यास पट्टा काढून ठेवावा लागे. ही सोय फारशी लोकप्रिय झाली नाही. मिजली यांच्या मृत्यूनंतर, १९५३ पासून अमेरिकन कंपन्यांनी सुधारित यंत्रणा बाजारात आणल्या आणि त्यांत फ्रिऑन-१२ चा वापर रूढ झाला.

घरगुती रेफ्रिजरेटर आणि मोटारीतील यंत्रणा यांत एक मूलभूत फरक आहे. रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर विजेच्या मोटरसह एका बंद कवचात असतो आणि त्याच्या नळ्या जोडून कायमच्या बंद केलेल्या असतात. मोटारीत कॉम्प्रेसर एंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. त्यामुळे त्याचा दंड कवचाबाहेर यावा लागतो व तेथे सील बसवावे लागते. एंजिनाचे हादरे सहन व्हावेत म्हणून काही नळ्या रबराच्या असतात. सील, रबरी नळ्या आणि सांधे यांतून वायू हळूहळू झिरपत राहतो. त्यामुळे मोटारीची हवा थंड न येण्याच्या कारणांत वायूची गळती हे एक प्रमुख कारण ठरले.

हा दोष शोधण्याची पद्धत लक्षणाकडून कारणाकडे जाते. प्रथम पट्टा, कॉम्प्रेसरचा क्लच, पंखे आणि कंडेन्सरवरून वाहणारी हवा तपासली जाते. त्यानंतर यंत्रणेच्या कमी दाबाच्या व जास्त दाबाच्या बाजूंना दोन गेज जोडतात. दोन्ही बाजूंचा दाब कमी असल्यास वायू कमी झाला असण्याची शक्यता असते. दोन्ही बाजूंचा दाब जास्त असल्यास कंडेन्सर पुरेसा थंड होत नसतो किंवा वायू गरजेपेक्षा अधिक भरलेला असतो. कमी दाबाच्या बाजूचा दाब वाढलेला व जास्त दाबाच्या बाजूचा घटलेला असल्यास कॉम्प्रेसर झिजल्याचे अनुमान काढतात. कमी दाबाची बाजू जवळजवळ निर्वात झाली असल्यास एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबल्याचा किंवा आत शिरलेल्या पाण्याच्या अंशाचा बर्फ झाल्याचा संशय घेतला जातो. कॉम्प्रेसरचे वंगण तेल वायूबरोबरच फिरत असल्याने वायू फार कमी झाल्यास कॉम्प्रेसर निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून अनेक यंत्रणांत अशा वेळी क्लच बंद करणारा प्रेशर स्विच असतो.

फ्रिऑन-१२ ची गळती नेमकी कोठे आहे, हे शोधण्यासाठी हॅलाइड टॉर्च वापरत. या दिव्याची नळी सांध्यांजवळून फिरवली जाई. क्लोरीनयुक्त वायू तापलेल्या तांब्यावरून ज्योतीत गेला, की ज्योत हिरवी होई. मात्र ज्योतीत फ्रिऑनचे विघटन होऊन अल्प प्रमाणात फॉस्जीन तयार होत असल्याने हे काम मोकळ्या हवेत करण्याची सूचना दिली जाई. प्रयोगशाळेत मिजली यांनी धुऊन वेगळे काढलेले विष गळती तपासताना पुन्हा निर्माण होत होते.

व्यवहारात अनेकदा एवढा तपासही होत नसे. वायू स्वस्त होता आणि निरुपद्रवी समजला जात होता. त्यामुळे गळती दुरुस्त न करता दर उन्हाळ्यात नव्याने गॅस भरून घेण्याची पद्धत पडली. दुरुस्तीपूर्वी यंत्रणेतील उरलेला वायू सरळ हवेत सोडून दिला जात असे.

आजार व मृत्यू

१९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी मिजली यांना पोलिओ झाला व त्यांच्या पायांची शक्ती गेली. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची एक यंत्रणा स्वतः तयार केली. आजारपणातही त्यांचे काम चालू होते. २ नोव्हेंबर १९४४ रोजी वर्दिंग्टन येथील घरी ते या दोऱ्यांत गळा आवळलेल्या अवस्थेत मृत आढळले. मृत्यूच्या अधिकृत नोंदीत ही आत्महत्या मानली गेली. पुढील लेखनात मात्र हा प्रसंग बहुधा अपघात म्हणून सांगितला जातो. मृत्युसमयी त्यांचे वय ५५ वर्षे होते.

पुरस्कार व सन्मान

मिजली यांना निकोल्स पदक, पर्किन पदक (१९३७), प्रीस्टली पदक (१९४१) आणि विलार्ड गिब्ज पदक (१९४२) हे सन्मान मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते सदस्य होते. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्या नावावर १०० हून अधिक एकस्वे होती.

मृत्यूनंतरचे परिणाम

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले, की फ्रिऑनसारखी क्लोरोफ्लोरोकार्बन संयुगे खालच्या वातावरणात नष्ट होत नाहीत. ती स्थितांबरापर्यंत पोहोचतात, तेथे अतिनील किरणांनी त्यांचे विघटन होते आणि सुटे झालेले क्लोरीन ओझोनचा नाश करते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन थराला मोठी क्षती पोहोचल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला व २००० मध्ये ओझोननाशक पदार्थांविषयी नियम लागू केले. मोलिना, रोलंड व पॉल क्रुट्झन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नव्या मोटारींत फ्रिऑन-१२ ऐवजी आर-१३४ए हा वायू आला. त्यात क्लोरीन नसल्याने ओझोनला धोका नाही. परंतु त्यामुळेच हॅलाइड टॉर्च निरुपयोगी झाला आणि इलेक्ट्रॉनिक शोधक व अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यांचा वापर वाढला. जुन्या यंत्रणेतील खनिज तेल नव्या वायूत मिसळत नसल्याने तेल, ड्रायर आणि गॅस भरण्याच्या जोडण्याही बदलाव्या लागल्या. अमेरिकेत १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर मोटारीतील वायू हवेत न सोडता यंत्राने परत गोळा करणे व त्यासाठी प्रशिक्षित कारागीर असणे बंधनकारक झाले.

आर-१३४ए हा देखील कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवणारा वायू आहे. फ्रिऑन-१२ च्या बाबतीत हे प्रमाण १०,००० पटींहून अधिक आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे. नव्या मोटारींत आलेला आर-१२३४वायएफ हा वायू वातावरणात लवकर नष्ट होतो, मात्र तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे.

शिसेयुक्त पेट्रोलबाबतही असेच घडले. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की वातावरणातील व मानवी शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढले आहे. लहान मुलांच्या बौद्धिक वाढीवर शिशाचा विपरीत परिणाम होतो, हेही पुढे स्पष्ट झाले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. २०२१ मध्ये अल्जीरियात विक्री थांबल्यावर मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा जगभरातील वापर संपुष्टात आला.

मूल्यमापन

पर्यावरण इतिहासकार जे. आर. मॅकनील यांच्या मते पृथ्वीच्या वातावरणावर मिजली यांच्याइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही एका जीवाने केलेला नाही. तथापि त्यांच्या दोन संशोधनांची तुलना सरसकट करता येत नाही. शिशाचे विषारीपण त्यांना माहीत होते, त्यांनी ते स्वतः अनुभवले होते आणि तज्ज्ञांनी वेळीच इशारे दिले होते. फ्रिऑनच्या बाबतीत असा इशारा त्यांच्या हयातीत कोणी दिला नव्हता. रेफ्रिजरेटरमधून वायू गळल्यावर खोलीतील माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्यांनी विचारला व त्याचे योग्य उत्तर शोधले. गळलेला वायू खोलीबाहेर गेल्यावर त्याचे काय होईल, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. ज्या स्थैर्यामुळे हा वायू घरात सुरक्षित ठरला, त्याच स्थैर्यामुळे तो सुमारे १०० वर्षे वातावरणात टिकून राहतो. मोटारीतील थंडावा कमी झाल्यावर केवळ गॅस न भरता आधी गळती शोधून बंद करण्याची आजची पद्धत याच अनुभवातून आली आहे.